नऊ नंबरचा चार वाजताचा आजार

माझ्या सासूबाई सत्तावन्नाव्या वर्षी पोहायला शिकत होत्या. साहेब सोडले तर त्यांच्या ऑफिसातल्या प्रत्येकाला हे माहीत होतं, आणि आमच्या घरातल्या एकालाही माहीत नव्हतं. रोज चार वाजता त्या ऑफिसातून निसटायच्या, साडेचारची बायकांची बॅच करायच्या आणि सहा वाजून दहा मिनिटांनी, थेट ऑफिसातूनच आल्यासारख्या, दारात उभ्या राहायच्या. दिवसभरात तेवढाच एक तास त्यांचा स्वतःचा होता. तो बुडवायला मी निघाले होते, तेही पैसे घेऊन आणि वर शाबासकीची वाट बघत.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं, हे आधीच सांगते. मी कंप्युटरच्या नेटवर्कची कामं घेते. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो आणि नाक लांब आहे, असं माझा नवरा म्हणतो. त्याचं सोडा. पण माझ्या कामात कुणी खोट काढू शकत नाही, निदान त्या महिन्यापर्यंत कुणी काढली नव्हती.

सासूबाईंची कंपनी बसगाड्यांची वेळापत्रकं छापते. पाच चौतीसच्या जागी पाच त्रेचाळीस छापलं गेलं, तर दुसऱ्या दिवशी थांब्यावर चाळीस माणसं गेलेल्या बसची वाट बघत उभी राहतात. असं होऊ नये म्हणून सासूबाई तिथे पंचवीस वर्षं प्रुफं तपासतायत. आकड्यांच्या रांगांवरून त्यांची नजर फिरली की चूक आपण होऊन हात वर करते. तिथल्या साहेबांनी मला बोलावलं, तेव्हा घरात मला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी कमी आनंद झाला.

"आमच्याच ऑफिसात कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "दुसरीकडे बघ ना. तुला काय कामांना तोटा आहे?"

झालं. मी समजले, यांचा माझ्या अकलेवर भरवसा नाही. त्यात गेले सहा महिने त्या रोज सकाळी सव्वासातलाच घर सोडायच्या, ते सकाळच्या धबडग्यातून अंग काढून घ्यायला, अशी माझी तक्रार होतीच. मी त्याच दिवशी साहेबांना होकार कळवला.

साहेबांना काय हवं होतं, ते त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं. चारनंतर माणसं गायब होतात, असं त्यांच्या कानावर आलं होतं. नक्की कोण, ते कळत नव्हतं, कारण ऑफिसातले सगळे पासवर्ड एका पुठ्ठ्यावर लिहून टेलिफोनशेजारी टांगलेले होते. कुणीही कुणाच्याही नावाने मशीन चालू करायचं, आणि साडेपाचला बंद करायचं. "प्रत्येकाची ओळख दर तासाला पटली पाहिजे," साहेब म्हणाले. "महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी मला यादी द्या. ज्यांचे तास कमी, त्यांची नावं कमी."

हे ऐकून मला कुणाची काळजी वाटायला हवी होती. मला वाटला तो उत्साह. अशा कामासाठी तिकिटाच्या लॉगिनसारखी पद्धत नाही. एका सर्व्हरने सगळ्यांना ओळखायचं, बाकीच्या बावीस मशीननी त्या सर्व्हरवर विश्वास ठेवायचा. मी दोन दिवसांत सर्व्हर उभा केला, प्रत्येक मशीनला त्याची स्वतःची गुप्त किल्ली दिली, लॉगिनची फाईल बदलली, आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यांना जेवणाच्या खोलीत गोळा करून भाषण ठोकलं.

"जत्रेत जातो तसं समजा," मी म्हणाले. "फाटकावर एकदा तोंड दाखवायचं, पास घ्यायचा. मग आत पाळण्यावर बसा, झोपाळ्यावर बसा, पास दाखवला की तिथलं तिकीट मिळतं. पुन्हा पुन्हा तोंड दाखवायला नको. इथला पास एक तास चालेल. तास संपला की पुन्हा पासवर्ड. आणि पासवर्ड ज्याचा त्यालाच माहीत असेल. या पद्धतीला परदेशातल्या एका जुन्या कथेतल्या तीन तोंडांच्या राखणदार कुत्र्याचं नाव आहे."

त्या क्षणापासून माझ्या सर्व्हरचं नाव मोत्या पडलं. इतकं मोठं भाषण केलं, त्यातलं लोकांनी नेमकं कुत्रं उचललं.

प्रश्न कुणीच विचारत नव्हतं. पानं लावणारा एक जण होता, पूर्वी कागद कापायचा म्हणून त्याला सगळे अजून कात्री म्हणतात. त्याने हात वर केला.

"वहिनी, समजा एखाद्या मशीनचं घड्याळच चुकलं, तर मोत्या काय करेल?"

एवढ्या माणसांत एक तरी शहाणा निघाला म्हणून मी भाळले. मी त्याला सगळं सांगितलं. तिकिटावर वेळ असते. जुनं तिकीट चोरून कुणी वापरू नये, म्हणून सर्व्हरच्या आणि मशीनच्या घड्याळांत पाच मिनिटांहून जास्त फरक चालत नाही. तसा फरक दिसला की सर्व्हर ओळखच देत नाही. घड्याळ जागेवर ठेवणारा एक प्रोग्रॅम असतो. छोटा फरक तो गुपचूप सुधारतो, पण पाव तासाहून मोठा फरक दिसला की काहीतरी भलतंच झालंय असं समजून हात टेकतो आणि बसून राहतो.

"आणि मग माणसाची गैरहजेरी लागणार का?" कात्रीने विचारलं. आवाज इतका भोळा, की ऐकतच राहावं.

"छे! मशीनचा दोष माणसाच्या माथी कशाला? मशीनसुद्धा दर तासाला आपली ओळख पटवतं. त्याचीच पटली नाही, तर यादीत त्या तासासमोर 'बिघाड' असं येईल. माणसाचा तास धरलाच जाईल."

कात्रीने मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं. मी खूश. स्वतःच्या पायावर इतका मोठा धोंडा इतक्या आवडीने मी आजवर पाडून घेतला नव्हता.

मग मी सगळ्यांकडून एका कागदावर सही घेतली: माझा पासवर्ड मी कुणालाही सांगणार नाही. पहिली सही सासूबाईंनी केली. चष्मा लावून, मजकूर दोनदा वाचून, त्यातला एक चुकलेला स्वल्पविराम दाखवून.

सोमवारी सगळं सुरू झालं, आणि सोमवारीच चार वाजता नऊ नंबरचं मशीन आजारी पडलं. नऊ नंबर म्हणजे सासूबाईंचं.

मी त्या ऑफिसात साडेतीनपर्यंत असायची. मग दुसऱ्या एका ठिकाणचं काम. तिथून मोत्याच्या नोंदी बघितल्या तर नऊ नंबरसमोर चारपासून 'घड्याळात फरक'. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघते, तर घड्याळ मिनिटाला मिनिट बरोबर. मंगळवारी चारला पुन्हा आजारी, बुधवारी पुन्हा. मी मशीनच्या आतला छोटा सेल बदलला, वायर बदलली, वेळ देणारा प्रोग्रॅम काढून नवा घातला. शेवटी वैतागून अख्खं मशीन उचलून चौदा नंबरच्या टेबलावर नेलं आणि चौदाचं इकडे आणलं. चार वाजले. आजारी मशीन चौदाच्या टेबलावर ठणठणीत, आणि ठणठणीत मशीन नऊच्या टेबलावर आजारी! आजार मशीनचा नव्हता, टेबलाचा होता. मी त्या टेबलाखाली रांगत जाऊन जमिनीला हात लावून पाहिला. काय सापडेल असं मला वाटत होतं, ते आज विचारू नका.

फोन करावा तर टेलिफोनवरची ताई रोज वेगळं सांगायची. सासूबाई खाली छपाईला गेल्यात. सासूबाई बाइंडिंगला गेल्यात. "अगं बाई, आत्ताच तर इथे होत्या!" सगळ्या ऑफिसाने अळीमिळी गुपचिळी केली होती, आणि मला ताकास तूर लागू देत नव्हतं. घरी मी सासूबाईंना विचारलं, "आई, चारनंतर मशीन काय करतं नेमकं?"

"चारनंतर मी त्याच्याकडे बघत नाही गं," त्या म्हणाल्या आणि ताटं घ्यायला गेल्या. यातला शब्दन् शब्द खरा होता, हे मला फार नंतर कळलं.

शेवटचा शुक्रवार जवळ आला. साहेबांनी मला बोलावून सांगितलं, की एका मशीनचा रोज दीड तास बिघाड असलेली यादी ते घेणार नाहीत. शुक्रवारी सकाळी यादी स्वच्छ हवी, नाहीतर माझं काम दुसऱ्या कंपनीकडे. सापाचा पत्ता नाही आणि मी महिनाभर भुई धोपटत होते. गुरुवारी मी सगळ्यांना "येते" म्हणून साडेतीनला निघाले, मागच्या जिन्याने परत वर आले आणि कागदांच्या खोलीत रिमांच्या थप्पीमागे उकिडवी बसले. दाराच्या फटीतून नऊ नंबर स्पष्ट दिसत होता.

चारला दोन मिनिटं कमी असताना सासूबाईंनी मशीनमधून रीतसर बाहेर पडून चष्म्याची डबी मिटली, पिशवी उचलली आणि त्या गेल्या. इतक्या भरभर, की त्यांच्या गुडघ्यांची रोजची कुरकुर मला आठवली. त्या जिना उतरल्या न उतरल्या, तोच कात्री आला. खुर्चीवर बसला, मशीन बंद करून चालू केलं, सुरू होताना एक बटण दाबून धरलं, सुरुवातीच्या सेटिंगमध्ये गेला, आणि घड्याळ सरळ एक तास मागे घेतलं. मग वही उघडून तपासलं, की पाव तासाहून जास्त झालं ना. माझ्याच भाषणाची वही!

मी थप्पीमागून उठले. पायाला मुंग्या आल्या होत्या, त्यामुळे दोन रिमा घेऊनच बाहेर पडले.

"वहिनी," कात्री उभा राहिला. पळाला नाही, हे त्याच्या बाजूने सांगते. "ओरडा, पण हळू. साहेबांच्या कानावर जाईल."

"रोज?"

"रोज. आणि साडेपाचला परत बरोबर करून ठेवतो. सकाळी मावशींची अडचण नको."

"अरे, मग एवढा खटाटोप कशाला? त्यांचा पासवर्ड घेऊन दर तासाला टाकायचा होतास. मला जन्मात कळलं नसतं!"

कात्री दुखावल्यासारखा झाला. "मागितला ना! नाही देत. म्हणाल्या, सुनेला सही करून दिलीय, शब्द मोडणार नाही. मग आम्हाला घड्याळाच्या मागे लागावं लागलं."

मला हसावं की त्याच्या वहीचे तुकडे करावेत, ते कळेना. "त्या जातात कुठे?"

कात्रीने माझ्या मागे पाहिलं. टेलिफोनवरची ताई मागे येऊन उभी होती. मग तीच म्हणाली, "सांग रे. उद्या यादी गेली की सगळंच जाणार आहे." आणि त्यांनी सांगितलं.

मी बस पकडली. अख्खा रस्ता मला राग येत होता, आणि कुणाचा ते ठरत नव्हतं. ऑफिसातल्या सगळ्यांना माहीत, आणि मी एका घरात राहते, तर मला नाही? मी काय परकी?

तलाव झाकलेला होता. आत ऊब होती, आणि औषधाचा वास डोळ्यांत जात होता. पाण्यात आठ-दहा बायका होत्या, डोक्याला घट्ट टोप्या, त्यामुळे सगळ्या एकसारख्या. सासूबाई मला ओळखू आल्या त्या हातांवरून. उथळ भागातून त्या हात मारत आल्या, तलावाच्या मध्यावर जिथे खोल पाणी सुरू होतं तिथे आडवी दोरी होती, तिथवर आल्या आणि त्यांनी दोरी पकडली. शिकवणाऱ्या बाई काठावरून म्हणाल्या, "आज पुढे?" सासूबाईंनी मान हलवली, वळल्या आणि परत गेल्या. पुन्हा आल्या, पुन्हा दोरी पकडली. चेहऱ्यावर असं काही होतं, जे मी दहा वर्षांत आमच्या घरात बघितलं नव्हतं. त्या कुणासाठीच काही करत नव्हत्या. माझा राग तिथल्या तिथे विरघळला, आणि मला लाज वाटली.

मग त्यांनी मला पाहिलं. दोन हातांत काठाला आल्या. "घरी कुणाला काही झालं का?"

"नाही हो. सगळे ठीक आहेत."

त्या पायऱ्या चढून वर आल्या, टॉवेल गुंडाळून माझ्या शेजारी बाकावर बसल्या.

"मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं. "मी काय नको म्हटलं असतं?"

"नसतं म्हटलंस. माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "पण मग रोज संध्याकाळी विचारलं असतंस, आज किती झालं? दम लागला का? गुडघे दुखले का? तू विचारलंस की मुलाने विचारलं असतं, मग यांनी. सगळे मायेनेच गं. लग्न झाल्यापासून मी सगळ्यांना उत्तरं देतेय. इथे मला कुणी काही विचारत नाही. बुडत तर नाही ना, एवढंच बघतात."

त्यांच्या खांद्यावरून घसरलेला टॉवेल मी नीट केला.

"उद्या साहेबांना यादी द्यायची आहे," मी म्हणाले. "कात्रीचा उद्योग मला झाकता येणार नाही."

"झाकू नकोस. खोटं लिहायचं नाही. जे आहे ते दे." त्या उठल्या. "माझी अजून वीस मिनिटं आहेत." आणि पाण्यात गेल्यासुद्धा.

शुक्रवारी सकाळी मी यादी काढायला बसले. नोंद खोटी करायची नाही, हा माझाही धर्म आहे. नऊ नंबरसमोरचे 'बिघाड' मी काढून टाकले आणि तिथे खरं ते आलं: चारनंतर तिकीट नाही. आता सबंध महिन्याचे तास मोजून त्यांचं नाव कमी होणार आणि ते माझ्या हाताने. म्हणून मी एकेका दिवसाची नोंद पहिल्यापासून वाचायला घेतली, आणि पहिल्याच ओळीला अडखळले.

ऑफिसातलं दिवसाचं पहिलं तिकीट रोज सासूबाईंचं होतं. सात अठ्ठेचाळीस. सात एकावन्न. सात सत्तेचाळीस. साहेबांना सगळ्यांची हजेरी साडेनऊपासूनची हवी होती, म्हणून त्याआधी कुणी बघितलंच नव्हतं, आणि मीही महिनाभर चार वाजताच्या ओळीला चिकटून बसले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा! सव्वासातला घर सोडणारी बाई अंग काढून घेत नव्हती. आठ तास भरून, मगच तो तास घेत होती. सहा महिने मनात जपलेली तक्रार मी त्या खुर्चीत बसूनच मोडीत काढली.

मग मी यादी पुरी केली. साहेबांनी 'प्रत्येकाची' म्हटलं होतं. मी प्रत्येकाची काढली, आणि तास जास्त असलेल्यांपासून कमी असलेल्यांपर्यंत लावली.

साहेब वरून वाचू लागले. वर सासूबाई होत्या, आठ तास दहा मिनिटं. "या तर चारला जातात!" ते म्हणाले.

"हो. येतात पावणेआठला."

ते खाली खाली येत गेले. शेवटच्या ओळीवर थांबले. रोज पावणेअकरा ते सव्वातीन, मध्ये जेवणाची सुट्टी. "यात माझं नाव कशाला?"

"मोत्या हुद्दा बघत नाही साहेब. त्याला तिकीट कळतं."

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग कागदाकडे. "हे तासाचं तिकीट जरा जाचकच आहे, नाही का? दिवसाचं करता येईल?"

"येईल. दहा तासांचं. आणि कुणी किती वाजता यावं हे महत्त्वाचं, की किती तास भरावेत?"

"तास भरावेत," साहेब घाईघाईने म्हणाले.

"लेखी द्या," मी म्हणाले. त्यांनी दिलं. जाता जाता मी सगळ्या मशीनच्या सुरुवातीच्या सेटिंगला पासवर्ड घातला. कात्री माझ्यामागे उभा राहून बघत होता. "वहिनी, हा पासवर्ड विसरला तर काय करतात?" त्याने विचारलं. या वेळी मी उत्तर दिलं नाही.

आता चार वाजता सासूबाई समोरच्या दाराने जातात. घरी अजून कुणाला काही माहीत नाही, आणि माझ्याकडून कळणार नाही. पण हे किती अवघड आहे, ते माझं मला माहीत. बावीस मशीनना "तू कोण, कुठून आलास, पुरावा दाखव" असं विचारायला लावून मी पोट भरते. आणि सहा-दहाला दार उघडलं, त्या लाल डोळ्यांनी आत आल्या, की मला जीभ चावून गप्प बसावं लागतं. सोमवारी गप्प बसले. मंगळवारीही. बुधवारी नवऱ्याने विचारलं, "आई, डोळे का लाल?" तर मीच म्हणाले, "बारीक आकडे वाचून होतात, तू तुझं बघ."

गुरुवारी त्या आल्या, पिशवी ठेवली, पाणी प्यायल्या. मी स्वयंपाकघरात भाजी चिरत होते. त्यांनी दुसरी सुरी घेतली आणि माझ्यासमोर बसल्या. दोन-तीन शेंगा चिरल्या. मी मान खाली घालून चिरत राहिले आणि एक शब्द विचारला नाही.

"आज दोरी ओलांडली," त्या हळूच म्हणाल्या. "पार भिंतीपर्यंत."

माझी सुरी थांबली. तरीही मी विचारलं नाही.

त्यांनी बाहेरच्या खोलीकडे एकदा बघून घेतलं, आणि माझ्याकडे वाकून म्हणाल्या, "खाली पाय लागत नव्हते गं."